शंभरातली एक

तरुण डॉक्टरबाईंनी टेबलावरचा पडदा वळवला, पेनाचं टोक त्यावर टेकवलं, आणि त्याने पाहिलं तर ती त्यानेच कचेरीत तयार केलेली आकृती होती. एकाखाली एक अकरा आडव्या रेघा, प्रत्येक रेघेवर एक काळा चौकोन, कुठे तिळाएवढा तर कुठे शर्टाच्या बटणाएवढा, सगळ्यांच्या मधून सरळ खाली उतरणारी एक उभी रेघ, आणि तळाशी पत्त्यांतल्या चौकटीसारखा, पण आडवा ताणलेला एक आकार. त्या आकाराला त्याच्या कचेरीत सगळे हिरा म्हणत. तिसऱ्या रेघेचं डावं टोक किंचित जाड छापलं गेलं होतं. त्या टोकावरून त्याने छापणाऱ्यांशी कितीतरी दिवस हुज्जत घातली होती, मग कंटाळून नाद सोडला होता. आणि आता ते जाड टोक इथे, हात धुण्याच्या बेसिनशेजारी, आईच्या नाकासमोर उजळून दिसत होतं. आपलाच रेकॉर्ड केलेला आवाज अचानक कानावर पडावा आणि हा कोण असा चिरक्या आवाजाचा माणूस, असं वाटावं, तसं काहीसं त्याला झालं. तो खुर्चीत सरळ बसला आणि उगाच खिशातला रुमाल चाचपू लागला.

डॉक्टरबाई चांगलं समजावून सांगत होत्या, हे त्याला मनातल्या मनात मान्य करावं लागलं. एकेक रेघ म्हणजे एकेक प्रयोग, त्या आईला सांगत होत्या. प्रत्येक प्रयोगात शेकडो, हजारो माणसं, सगळ्यांच्या हृदयाचे ठोके तुमच्यासारखेच ताल सोडलेले. अर्ध्यांना रक्त पातळ ठेवणारी खरी गोळी दिली, अर्ध्यांना नुसती दिसायला तशी. चौकोन मोठा म्हणजे माणसं जास्त. उभ्या रेघेच्या डावीकडे चौकोन पडला म्हणजे गोळीचा फायदा झाला, उजवीकडे पडला म्हणजे नाही झाला. आणि हा खालचा हिरा म्हणजे अकरा प्रयोगांचं मिळून एक उत्तर. तो बघा किती डावीकडे आहे. आईने चष्मा वर ढकलून हिऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं की मुलगा असलंच काहीतरी करतो, पण नेमकं काय ते तिने कधी विचारलं नव्हतं आणि त्याने कधी सांगितलं नव्हतं. ही माझीच आकृती आहे, असं डॉक्टरबाईंना सांगून टाकावं असं एक क्षण त्याला वाटलं. पण ते आपल्याच पोराचं भर वर्गात कौतुक करण्यासारखं झालं असतं, आणि शिवाय त्याला भीती वाटली. कशाची, ते त्याला तेव्हा कळलं नाही.

आईने एकच प्रश्न विचारला. माझ्या धाकट्या बहिणीला हीच गोळी देत होतो, ती डोक्यात रक्तस्राव होऊन गेली, त्याचं काय? डॉक्टरबाई मऊ आवाजात म्हणाल्या की तो काळ वेगळा होता, औषधही जुनं होतं, एकेका गोष्टीवरून असं ठरवता येत नाही. त्या बोलत होत्या ते बरोबर होतं. त्याने स्वतः हे वाक्य सभांमधून किती वेळा म्हटलं होतं. पण आईने ओठ मिटले, पर्सची चेन ओढली, आणि त्याला कळलं की आता या खोलीतलं एकही अक्षर तिच्या डोक्यात जाणार नाही. त्याच्या लहानपणी ती तलावावर पोरांना पोहायला शिकवायची, आणि काठावरून एखाद्या पोराचा आगाऊ बाप तिलाच शिकवायला लागला की ती असेच ओठ मिटायची आणि शिट्टी तोंडात धरायची. बाहेर आल्यावर, लिफ्टची वाट बघताना, ती भिंतीकडे बघत म्हणाली, "डॉक्टरांचं राहू दे. तू सांग. तू घे म्हणालास तर घेईन, नको म्हणालास तर नाही घेणार." लिफ्ट आली, आत एक चाकाची खुर्ची होती, ती जायला जागा करून द्यावी लागली, आणि तो विषय तिथेच राहिला.

तिथेच राहिला म्हणजे त्याच्या डोक्यात राहिला. पन्नाशी आली, लग्न केलं नाही, आईबरोबर दोन खोल्यांच्या घरात राहतो, आणि पोटापाण्यासाठी दुसऱ्यांनी केलेले हृदयाचे प्रयोग गोळा करून त्यांची बेरीज करतो. त्याची बहीण थट्टेने त्याला टक्केराव म्हणते. बेरीज म्हटलं की लोकांना वाटतं सोपं आहे. पण एक प्रयोग म्हणतो फायदा, दुसरा म्हणतो फारसा नाही, तिसरा इतका लहान की त्याच्या बोलण्याला किती किंमत द्यायची हाच प्रश्न. कुणाचं ऐकायचं, किती ऐकायचं, कुणी आपल्या सोयीचं तेवढंच सांगितलंय का, हे सगळं चाळून, वजन लावून एकच उत्तर काढायचं. मेटा-अॅनालिसिस. आई हा शब्द उच्चारायला जायची आणि मध्येच सोडून द्यायची. आजवर त्याने हजारो अनोळखी हृदयांबद्दल ठामपणे मत दिलं होतं आणि रात्री शांत झोपला होता. आता एका ओळखीच्या हृदयाबद्दल विचारलं गेलं तेव्हा मात्र त्याची पाचावर धारण बसली. गोळी नाही दिली तर त्या बेताल हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, आणि मग आई अर्ध्या अंगाने पडून राहील, तीस वर्षं पाण्यात पोरं तरंगवणारी आई. गोळी दिली तर कुठूनतरी रक्त जाईल, मावशीसारखं. दोन्हींपैकी काहीच होणार नाही याची शक्यता सगळ्यात जास्त होती, हे त्याला ठाऊक होतं. पण ती शक्यता काही केल्या डोळ्यांसमोर येईना, कारण काहीच न होणं दिसतं कसं हे कुणालाच माहीत नसतं.

मावशी शेवटची दोन वर्षं त्यांच्याकडेच होती. तिची गोळी आई स्वतःच्या हाताने द्यायची, संध्याकाळी, दिवा लावायच्या सुमारास. बशीत गोळी, शेजारी पाण्याचा पेला, आणि मावशी दरवेळी म्हणायची, आण गं तुझं विष. दोघी हसायच्या. मग एका सकाळी मावशी न्हाणीघरात खाली बसलेली सापडली, एका हाताने नळ धरून, आणि तिला शब्द सापडत नव्हते. पुढे आठवडाही निघाला नाही. आई त्यानंतर त्या विनोदाबद्दल कधी बोलली नाही, पण बरेच दिवस संध्याकाळी ती बशी काढायची आणि परत ठेवायची. त्याने एकदा, सांत्वन म्हणूनच, म्हटलं होतं की शितावरून भाताची परीक्षा या बाबतीत करायची नसते. आई भाजी चिरत होती. ती म्हणाली, मला शीत एकच होतं.

त्याच्यासारखा माणूस अशा वेळी जे करेल तेच त्याने केलं. एकाच डॉक्टरवर विसंबायचं नाही, वेगवेगळी, एकमेकांशी संबंध नसलेली मतं घ्यायची आणि ती जुळतात का पाहायचं. बहिणीच्या नवऱ्याचा एक शाळासोबती दूरच्या शहरात हृदयाचा मोठा डॉक्टर होता. त्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं, वय, वजन, मूत्रपिंड, पडण्याबिडण्याचा इतिहास विचारला, आणि म्हणाला, द्या, डोळे मिटून द्या. मग त्याच्या स्वतःच्या लहानपणापासूनचे घरचे डॉक्टर, जे आता सकाळी दोनच तास बसत आणि रुग्णापेक्षा रुग्णाच्या आजोबांबद्दल जास्त विचारत, त्यांच्याकडे गेला. त्यांनीही म्हटलं, द्यायला हवी. तीन माणसं, एक तरुण, एक मध्यमवयीन, एक म्हातारा, तीन ठिकाणी शिकलेले, आणि तिघांचं मत एक. त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने म्हाताऱ्या डॉक्टरांकडे चहा घ्यायचं कबूल केलं. तीन चौकोन, तिन्ही डावीकडे. घरी जाऊन आईला सांगायचं की मी सांगत नाही, हे तिघं सांगताहेत. चहा गोड होता आणि खिडकीतून ऊन येत होतं. त्याने सहज, बोलायचं म्हणून, विचारलं की तुम्ही एवढ्या खात्रीने कसं सांगता.

म्हातारे डॉक्टर हसले. माझी कसली खात्री, ते म्हणाले, मी आता नवीन काही वाचत नाही. हृदयवाल्यांची संस्था वर्षातून एकदा पुस्तिका पाठवते, त्यात लिहिलंय तसं करतो, सगळेच करतात. कुणीतरी सगळे प्रयोग एकत्र करून उत्तर काढलंय, ते काही वाईट दिसत नाही. मग ते त्याच्या आजोबांच्या गुडघ्यांबद्दल विचारू लागले. त्याने कप खाली ठेवला. कुणीतरी. फोनवरचा मोठा डॉक्टरही हेच म्हणाला होता, जवळजवळ याच शब्दांत: सगळ्या अभ्यासांचं मिळून कुणीतरी बघितलेलं आहे की. आणि त्या तरुण डॉक्टरबाईंनी तर त्या कुणीतरीची आकृतीच पडद्यावर लावली होती, जाड टोकासकट. तीन चौकोन नव्हते. एकच होता, तीनदा मोजलेला, आणि तो त्याचाच होता. आईने त्याला विचारलं होतं, त्याने जगाला विचारलं, आणि जगाने फिरून त्याचंच उत्तर त्याच्या हातात ठेवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते खोटं नाही, फक्त इथे कळसा रिकामा निघतो की काय अशी धास्ती होती.

रस्त्यावर आल्यावर त्याला हसू आलं आणि लगेच घामही फुटला. ही चूक दुसऱ्या कुणी केली असती तर त्याला काही वाटलं नसतं. पण हा एकच माणूस दोनदा मोजू देत नाही, हीच तर त्याची कचेरीतली ख्याती होती. त्या कामात मुळात बारा प्रयोग हाती आले होते. त्यांतल्या दोन प्रयोगांची नावं वेगळी, लिहिणारे वेगळे, छापल्याची वर्षं वेगळी, पण रुग्णांचं सरासरी वजन दशांशापर्यंत सारखं. त्याला वास आला. खणत गेला तर दोन्हीकडे तीच माणसं निघाली, एकदा अर्ध्या वाटेवर मोजलेली आणि एकदा शेवटी. त्याने एक काढून टाकला आणि अकरा उरले. तेव्हा विभागप्रमुखांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की याच्या हातून एकही जुळं सुटत नाही. आणि तोच माणूस आपल्या आईसाठी तीन डॉक्टर मोजत बसला होता. तो सिग्नलपाशी उभा होता, दिवा हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, मागून कुणीतरी म्हणालं, जायचं आहे का काका. तो बाजूला झाला. डॉक्टरबाईंच्या खोलीत कशाची भीती वाटली होती ते त्याला आत्ता कळलं. टेकायला मागे भिंत नाही याची ती भीती होती.

सुट्टीचा दिवस होता तरी तो कचेरीत गेला. पहारेकऱ्याने वही पुढे न करताच मान हलवली. वर सगळी टेबलं गप्प होती, कुणाची तरी शाल खुर्चीवर, खिडकीतल्या कुंडीत शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं रोप मान टाकून उभं. त्याने त्याला आधी पाणी घातलं, मग संगणक लावला. जे काम पूर्वी कोरड्या मनाने केलं होतं ते पुन्हा करायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. एक जुनी पद्धत आहे: एकेक प्रयोग आळीपाळीने बाहेर काढायचा आणि उरलेल्यांचं उत्तर बदलतं का पाहायचं. सगळा डोलारा एकाच खांबावर उभा असेल तर तो खांब काढताच कोसळतो. त्याने पहिला काढला. हिरा जरा हलला आणि थांबला. दुसरा काढला. तिसरा, तो जाड टोकाचा. सगळ्यात मोठा काढताना त्याचा हात माऊसवर उगाच थबकला, जसा कुणाच्या पानावरची वस्तू उचलताना थबकतो. हिरा रुंदावला, उजवीकडे सरकला, पण उभ्या रेघेला शिवला नाही. एकेक करून अकराही काढून परत ठेवले. दरवेळी तो डळमळला आणि डावीकडेच राहिला.

हे त्याला ठाऊक होतं, हे छापलेलंही होतं, तरी बरं वाटलं. पण पुरेसं नाही. कारण आता तो त्या रेघांकडे आईच्या डोळ्यांनी बघत होता आणि आईचे डोळे विचारत होते, यात ऐंशीच्या पुढच्या किती? थोड्या होत्या. प्रयोग करणारे लोक म्हाताऱ्यांना घ्यायला कचरतात, पडतील, विसरतील, मध्येच जातील म्हणून. त्याने तेव्हाही ही उणीव ओळखून अकराही ठिकाणी विनवण्या केल्या होत्या, तुमच्याकडच्या वयस्कर रुग्णांची माहिती वेगळी द्या. काहींनी दिली, काहींनी उत्तरही दिलं नाही, आणि एका ठिकाणच्या माणसाने निवृत्त व्हायच्या आठवड्यात सगळ्या नोंदी खरडून पाठवल्या होत्या, माणूस-माणूस वेगळा, नावाशिवाय. त्या त्याने उघडल्या. वय, स्त्री की पुरुष, गोळी किती दिवस घेतली, झटका आला का, रक्त गेलं का. आणि शेवटचा रकाना, जो त्याने बेरजेत कधी वापरला नव्हता, कारण त्याची बेरीज होत नाही: प्रयोग मध्येच सोडला असेल तर कारण. घशात अडकते. मुलीकडे राहायला गेल्या. नवऱ्याला पसंत नाही. एका ठिकाणी, वय सत्याऐंशी, स्त्री: कंटाळा आला. तो एकटाच मोठ्याने हसला. सत्याऐंशी वर्षांची ती बाई दर महिन्याला बस पकडून इस्पितळात गेली असेल, दंड पुढे करून रक्त दिलं असेल, आपली गोळी खरी की खोटी हे तिला ठाऊक नसेल, तिला ती देणाऱ्यालाही ठाऊक नसेल, आणि एका सकाळी ती म्हणाली असेल, पुरे झालं बाबा. तिच्याखाली आणखी एक होती, वय ब्याऐंशी, आईएवढंच. खरी गोळी. शेवटच्या दिवसापर्यंत घेतली. काही झालं नाही. म्हणजे काहीच न होणं असं दिसतं, त्याच्या मनात आलं. एक सबंध ओळ, झटका आणि रक्त, दोन्ही रकान्यांत शून्य.

तो बराच वेळ त्या ओळींवरून खालीवर करत बसला. तीन डॉक्टरांच्या मागे तो एकटा होता हे खरं, पण त्याच्या मागे कुणी नव्हतं हे खरं नव्हतं. त्याने काय केलं होतं? चळत लावली होती. गोळ्या त्याने गिळल्या नव्हत्या. ज्यांनी गिळल्या, ज्यांना फायदा झाला, ज्यांचं रक्त गेलं, जे मेले, जे कंटाळले, ते हे सगळे इथे होते, कुणी कुणाला ओळखत नव्हतं आणि तरी सगळ्यांनी मिळून एक वाक्य म्हटलं होतं. ते वाक्य त्याचं नव्हतं. त्याला टेकायला भिंत हवी होती आणि ती सबंध वेळ पाठीमागे होती, माणसांची. इतकी वर्षं या कामाबद्दल त्याला अभिमान वाटला होता, कधी शीण आला होता; कृतज्ञता आज पहिल्यांदा वाटली. आणि मग त्याला मावशी आठवली. मावशी या नोंदींत नव्हती, पण तिच्यासारख्या होत्या, रक्त गेलं का या रकान्यात एक लिहिलेल्या, थोड्या पण होत्या. त्यांना धरूनच हिरा डावीकडे होता. त्यांना कुणी बाजूला ठेवलं नव्हतं. आईला मात्र सगळ्यांनी हेच सांगितलं होतं की मावशीला बाजूला ठेव, ती गोष्ट वेगळी.

घरी परतताना बहिणीचा फोन आला. तिला सगळं कळलेलं होतं, आईकडूनच. ती थट्टा करायच्या मनःस्थितीत नव्हती. ती म्हणाली की तू जे सांगशील त्याला माझी हरकत नाही, पण उद्या काही झालं तर मला तुझा राग यायला नको, एवढं बघ. त्याने सांगितलं की राग येईल, त्याला माझी तयारी आहे. पलीकडून ती नाक ओढून म्हणाली, बरं टक्केराव. तो चालत राहिला. त्याला तलाव आठवत होता, क्लोरीनचा वास, फरशीवर पावलांचे ओले ठसे, आणि पाठीखाली आईचा हात. दुसरे शिक्षक पोरांना फसवत. हात आहे, हात आहे म्हणत हळूच काढून घेत, आणि पोरगं तरंगलं की टाळ्या पिटत. आई तसं करायची नाही. ती सांगायची, आता काढते हं हात. तो सात वर्षांचा होता, तिने सांगितलं, त्याने ऐकलं आणि दगडासारखा खाली गेला. नाकातोंडात पाणी, डोळे लाल. तो रडून ओरडला होता की कशाला सांगितलंस, नसतं सांगितलं तर तरंगलो असतो. आईने त्याला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि म्हणाली की फसवून तरंगवलेलं पोर दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्याच हाताला चिकटतं. चौथ्या की पाचव्या दिवशी तो सांगूनही बुडाला नाही.

आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसून कोबीची पानं सोडवत होती. बाहेर दोरीवर तिचा पोहण्याचा पोशाख महिनाभर कोरडाच लटकत होता. हृदय बिघडल्याचं कळलं तेव्हापासून ती पाण्यात उतरली नव्हती, डॉक्टरांनी नाही म्हटलेलं नसतानाही. तो समोर बसला. त्याने कागद घेतला नाही, पेन घेतलं नाही. तुझ्यासारख्या शंभर बायका धर, त्याने सुरुवात केली, वय ऐंशीच्या पुढे, ठोके तुझ्यासारखे बेताल.

"म्हणजे आमचा सकाळचा बायकांचा तास," आई म्हणाली. "भरलेला असला की तेवढ्याच असायच्या."

"तेवढ्याच. एकीनेही गोळी घेतली नाही, तर वर्षभरात सहा-सात जणींना मेंदूचा झटका येईल. सगळ्यांनी घेतली, तर दोघी-तिघींना."

"म्हणजे घेऊनही येतो."

"येतो. आणि रक्ताचं म्हणशील, तर गोळी न घेताही एखादीला जातं, घेतली तर दोघी-तिघींना. त्यातली एखादी वाचत नाही. तुझ्या वयाच्या बायका त्या प्रयोगांत कमी होत्या, तेव्हा हे आकडे जरा सैलच धर."

आईने एक पान सोडवलं, ते फाटलं, तिने ते बाजूला ठेवलं. तिला तो तास दिसत होता हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळलं, टोप्या घातलेल्या बायका, काठाला धरून गप्पा मारणाऱ्या. ती हळू म्हणाली, "ती त्यातली."

"हो. मावशी त्यातली. औषध थोडं जुनं होतं हे खरं, पण तेवढ्याने ती बाहेर जात नाही. ती या शंभरात आहे, आई. तिला धरूनच हे उत्तर निघालंय. तिला वगळून काढलं असतं तर मी तुला सांगायला आलोच नसतो."

आई रडली नाही. पण तिचे मिटलेले ओठ सुटले, आणि तिने कोबी पुढ्यातून सरकवला. "मी रोज हाताने द्यायचे," ती म्हणाली. "आण विष म्हणायची. मी हसायचे."

"तू बरोबर दिलीस. बरोबर देऊनही शंभरातली एखादी तिथे जाते. ते तुझ्या हाताने झालं नाही." हे वाक्य आपण त्याच वेळी का म्हटलं नाही, असं त्याला वाटून गेलं, पण तेव्हा ते त्याला नुसतं पाठ होतं.

मग तिने आपला खरा प्रश्न विचारला, आणि तो विचारणार हे त्याला ठाऊक होतं. "आणि मी कुठली?"

"माहीत नाही."

"एवढी वर्षं शिकून?"

"एवढी वर्षं शिकून. कुणालाच माहीत नसतं." त्याने ते फाटलेलं पान उचलून टेबलावर सरळ केलं. "तू विचारलंस म्हणून सांगतो. मी देईन. काही वाईट झालं तर मी रडेन. पण खोटं सांगितलं असं होणार नाही."

आई त्याच्याकडे बघत राहिली, पोरगं पाण्यात उतरायच्या आधी बघायची तशी, पोराकडे आणि पाण्याकडे एकदमच. मग तिने विचारलं की ही गोळी घेऊन पोहता येतं का. येतं, तो म्हणाला, डॉक्टरबाईंनी सांगितलंय, फक्त काठावर आपटायचं नाही. मी तीस वर्षांत कधी आपटले, असं पुटपुटत ती उठली, फडताळातून बशी काढली, तीच, कडेला निळी रेघ असलेली, आणि बेसिनपाशी गेली. डॉक्टरबाईंनी दिलेल्या डब्यातली पहिली गोळी बशीत पडल्याचा बारीक आवाज झाला. तोही उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिला होता, कधी ते त्याचं त्यालाच कळलं नाही. तिने पेला भरला. गोळी जिभेवर ठेवली, मान मागे टाकली, गिळली, आणि खिडकीबाहेर दोरीकडे बघत उरलेलं पाणीही पिऊन टाकलं. मग त्याला जाणवलं की त्याचा तळवा तिच्या पाठीवर आहे, दोन खांद्यांच्या मध्ये, आणि तिच्या आतलं ते बेताल हृदय त्याच्या हाताला लागतंय, एक ठोका, दोन घाईचे, मग एक उशिरा.

"काढ आता हात," आई म्हणाली.

"काढतो हं," त्याने सांगितलं, आणि काढला.